ब्रोनाला, पीचच्या बागेतून

मेलबर्न, ६ जानेवारी

ब्रोना,

तू माझा नंबर बंद केलास, म्हणून कागद. हे पाकीट बघून तू ते चुलीत घालशील असं मला वाटतंय, पण टपाल आणणाऱ्या माणसासमोर तू तसं करणार नाहीस. तो बाई काय करते ते पाहत दारात उभा राहतो, तेवढा वेळ मला मिळेल.

पोचले. सुखरूप आहे. वसतिगृहात आठ जणींची खोली आहे, मी वरच्या पलंगावर. खालच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात सगळं आयर्लंड जमलंय. कॉर्कचा एक टाईग नावाचा मुलगा अंडी तळत होता. मी लीट्रिमची म्हटल्यावर म्हणाला, "लीट्रिम? तिकडं माणसं राहतात अजून?" मी म्हटलं, "एक कमी झालं परवा." सगळे हसले. मीही हसले.

मी न सांगता गेले हे चूकच. टेबलावर चिठ्ठी ठेवून जाणं हे काही चांगलं नाही, मला माहीत आहे. पण सांगितलं असतं तर तू मला जाऊ दिलं नसतंस. तू काही बोलली नसतीस, नुसती भांडी घासत राहिली असतीस, आणि मी राहिले असते. मी एकतीस वर्षांची आहे, ब्रोना. पस्तिशीनंतर हा फिरत काम करायचा व्हिसा मिळत नाही. एक वर्ष, फार तर दोन. मी कायमची गेलेली नाही.

डॅडींचं कळलं. शेजारच्या पॅकीनं निरोप पाठवला होता, तो मला इथं उतरल्यावर मिळाला. आधी मिळाला असता तर गोष्ट वेगळी होती. त्यांचा पाय कसा आहे? प्लास्टर किती दिवस?

उद्या सकाळच्या बसनं उत्तरेला जाते. पीचच्या बागेत काम मिळालंय. शेतावर अठ्ठ्याऐंशी दिवस काम केलं आणि त्यावर सही मिळाली की दुसऱ्या वर्षाचा व्हिसा मागता येतो. म्हणून सगळे आधी ते उरकून घेतात.

कीरनला नमस्कार सांग. तो माझ्याशी बोलत असेल तर.

इमर


बाग, १० जानेवारी

ब्रोना,

तीन दिवस झाले. आधी हे सांगते की पीचला लव असते. दुकानात ती दिसत नाही, धुतलेली असतात. इथं झाडावरून तोडताना ती मानेत, कोपराच्या खाचेत, कमरेला कापडाच्या आत जाते आणि चावत राहते. पहिल्या दिवशी मला वाटलं मला काहीतरी रोग झाला. गळ्यात पुढं मोठी पिशवी अडकवायची, शिडीवर चढायचं, दोन्ही हातांनी तोडायचं, पिशवी भरली की लाकडी खोक्यात हळूच सोडायची. आपटली तर फळाला डाग पडतो आणि मुकादम ओरडतो.

मुकादमाचं नाव ड्वेन. आमच्या कामाचे दिवस तोच लिहितो, सही तोच करतो, राहायला जागाही त्याचीच आहे. पत्र्याच्या खोल्या, एकीत दोघी. पहिल्या दिवशी मला विचारलं, "आयरिश का? मग उन्हात वितळशील, लोण्यासारखी." मी म्हटलं, "आमच्याकडं पाऊस पडतो म्हणजे आम्ही कागदाचे नाही." त्याला ते आवडलं नाही. इथं त्यानं चेष्टा करायची, आपण ऐकायची, अशी पद्धत आहे.

माझ्याबरोबर खोलीत यीच्युन आहे. तैवानची, चोवीस वर्षांची, माझ्या खांद्याला लागेल एवढी. तिकडं बँकेत होती. ती पहाटे उठून भात शिजवते, डबा भरते, एक डबा माझ्यासाठीही. मी तिला आपला चहा करून देते. तिला तो औषधासारखा लागतो, पण संपवते. काल आम्ही खोलीबाहेर पायरीवर बसलो होतो. तिच्या आईचा फोन आला. बोलणं संपल्यावर ती हसायला लागली.

"आईला काय सांगितलंस?" मी विचारलं.

"की मी मेलबर्नमध्ये कॉफीच्या दुकानात आहे. दुधावर पान काढायला शिकले म्हणून सांगितलं. आई म्हणाली फोटो पाठव. आता मी कुठून पान आणू?"

मी पोट धरून हसले. मग तिनं विचारलं, "तू घरी काय सांगितलंस?"

मी म्हटलं, माझ्या घरी सगळ्यांना सगळं माहीत आहे.

त्यानंतर बराच वेळ मी बुटांतली माती काढत बसले.

तू उत्तर पाठवणार नाहीस, तरी पत्ता मागं लिहिलाय. डॅडी रात्री उठतात का अजून? नोव्हेंबरअखेर मी घरी आले तेव्हा दोनदा उठत होते. पहिल्या रात्री मी त्यांना परत झोपवायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला आणि "नोरीन" म्हणाले. आईच्या नावानं. मी तुला हे सांगितलं नव्हतं. तू सात वर्षं हे ऐकत असशील.

उद्यापासून ऊन वाढणार म्हणतात.

इमर


बाग, १५ जानेवारी

ब्रोना,

कागद मांडीवर ठेवून लिहितेय, अक्षर लागत नसेल तर सोडून दे.

काल त्रेचाळीस अंश होतं. आपल्याकडं पंचवीस झालं की लोक चर्चमध्ये त्याबद्दल बोलतात. त्रेचाळीस म्हणजे काय ते तुला सांगता येणार नाही. शिडीचा लोखंडी दांडा हाताला धरवत नव्हता. माशाही झाडाखाली जाऊन बसल्या होत्या. इतर बागांतली माणसं दहालाच घरी गेली. ड्वेन म्हणाला फळ थांबत नाही.

अकराच्या सुमारास मी पाहिलं, यीच्युन पीच तोडतेय आणि पिशवीत न टाकता खाली सोडतेय. तीन, चार. मी हाक मारली. तिनं वळून मला चिनी भाषेत काहीतरी सांगितलं, अगदी नेहमीच्या आवाजात. तोंड लाल, आणि कोरडं. ब्रोना, आमच्या सगळ्यांच्या अंगातून पाणी गळत होतं आणि तिच्या कपाळावर एक थेंब नव्हता.

मी तिला उतरवून झाडाखाली बसवलं. ड्वेन गाडीवरून आला.

"काय झालं तिला?"

"ऊन लागलंय. ॲम्ब्युलन्स बोलवायला पाहिजे."

"पाणी पाज. दर वर्षी दोघी-तिघी अशा बसतात. जेवणानंतर उठेल."

"तिला घाम येत नाहीये."

"तू डॉक्टर आहेस का?" मग तो जरा जवळ आला आणि अगदी गोडीनं म्हणाला, "हे बघ, गाडी आली की चौकशी येते. चौकशी आली की बाग बंद. मग तुमच्या सगळ्यांच्या दिवसांवर सही कोण करणार? तुझे किती झाले?"

"सात."

"सात. मग चढ वर."

आणि मी चढले.

हे मी तुला लिहितेय, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. मी तिच्या हातात पाण्याची बाटली दिली आणि परत शिडीवर चढले. पिशवी भरली, खोक्यात सोडली. पुन्हा भरली. पाऊण तास तरी गेला असेल. मी त्या झाडाकडं बघत नव्हते. न बघणं मला चांगलं जमतं.

मग पिशवी रिकामी करताना दिसलंच. ती उभी राहिली होती. तिनं बूट काढले, दोन्ही जोडून नीट बाजूला ठेवले, जसे घराच्या दारात काढून ठेवतात, आणि समोर कोणीतरी असल्यासारखी मान लववून दोन शब्द बोलली. तिला वाटत होतं ती घरी पोचली. समोर नुसती पीचची ओळ होती. मग ती आत पाऊल टाकायला गेली आणि कोसळली.

त्यानंतर मी काय काय केलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. मी फोन लावला. पलीकडच्या बाईनं पत्ता विचारला आणि मला पत्ता माहीत नव्हता. मी ओरडले, दोन ओळी पलीकडून एक इटालियन मुलगा बागेचा नंबर ओरडला. ती बाई म्हणाली, अंग गार करा, मिळेल त्यानं, आत्ता. झाडाच्या बुडाशी ठिबकची नळी होती. मी खिशातल्या चाकूनं ती कापली आणि तोंड तिच्या अंगावर धरलं. आधी पाणी कढत आलं, मग गार. तो मुलगा टोपीनं वारा घालत होता. ड्वेन धावत आला तो नळीसाठी.

"सगळ्या ओळीचं पाणी तोडलंस तू!"

मी म्हटलं, "होय."

आणखी काय म्हणाला ते माझ्या डोक्यात शिरलं नाही. ॲम्ब्युलन्सला चाळीस मिनिटं लागली. ती हातपाय झाडत होती, दात आवळलेले. मी तिचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि आयरिशमध्ये काहीतरी बोलत होते, शाळेत पाठ केलेली प्रार्थना. अर्धीच आठवत होती. तीच अर्धी पुन्हा पुन्हा.

मी तिच्याबरोबर गेले. परत आले तर माझी बॅग खोलीबाहेर मातीत होती. त्या इटालियन मुलानं आणि त्याच्या मित्रांनी मला त्यांच्या गाडीत मागं झोपायला जागा दिलीय. हे पत्र तिथंच लिहितेय.

इमर


रुग्णालय, १७ जानेवारी

ब्रोना,

ती शुद्धीवर आली. मूत्रपिंडं नीट काम करत नाहीयेत, यकृतालाही धक्का बसलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पोरगी तरुण आहे, बहुतेक भरून येईल, पण वेळ लागेल. मग त्यांनी विचारलं, "पहिल्यांदा बडबडायला लागली तेव्हापासून फोन करेपर्यंत किती वेळ गेला?" त्या लिहून घेत होत्या.

मला पाच मिनिटं म्हणता आलं असतं. कोणाला ते खोटं ठरवता आलं नसतं. मी म्हटलं, "पाऊण तास." त्यांनी मान वर केली नाही. लिहिलं फक्त.

तिच्या आईला मीच कळवलं. दुभाषी बाई फोनवर होत्या. मी एक वाक्य बोलायचं, त्यांनी ते सांगायचं. तुमची मुलगी रुग्णालयात आहे. पीचच्या बागेत काम करत होती. आईला वाटलं चुकून दुसऱ्याच कोणाचा फोन आला, कारण तिची मुलगी तर कॉफीच्या दुकानात आहे. मी म्हटलं, नाही, ती दुकानात नाही, कधीच नव्हती. मग तिनं काहीतरी विचारलं. दुभाषी बाई म्हणाल्या, "त्या विचारतायत, त्या दिवशी सकाळी ती काय खाऊन गेली होती?"

"भात," मी म्हटलं. "आणि मलाही बांधून दिला."

त्यानंतर मी बाहेर येऊन बाकावर बसले. आता तुझ्याशी खोटं लिहीत राहणं मला शक्य नाही.

तीन तारखेची सकाळ. तू कीरनबरोबर स्लायगोला तुमचं घर बघायला गेली होतीस. सात वर्षांत पहिल्यांदा एक अख्खा दिवस बाहेर. मार्चमध्ये तू तिकडं जाणार आणि मी घरी डॅडींजवळ राहणार, असं ठरलं होतं, ठरवताना मीच मोठ्या तोंडानं "माझी पाळी" म्हटलं होतं. पॅकी अकराला येणार होता. मी साडेआठला निघाले. म्हणजे अडीच तास ते एकटे होते, हे तुला माहीत आहे. त्या वेळात ते कुठं आणि का निघाले, हे माहीत नाही.

ते खुर्चीत जागे होते. त्यांनी विचारलं, "कुठं निघालीस?"

मी म्हटलं, "दुकानात. दूध आणते."

त्यांनी माझ्या मोठ्या बॅगेकडं पाहिलं आणि म्हणाले, "बरंच दूध आणणार दिसतेस."

आणि हसले. आपले जुने डॅडी, ब्रोना. महिनाभरात मला एकदाही दिसले नव्हते, ते नेमके त्या सकाळी तिथं होते. मी त्यांच्या डोक्यावर ओठ टेकवले आणि निघाले. ते सपाता घालून बर्फाळ रस्त्यावर कुठं निघाले होते असं तू पॅकीला विचारत होतीस, त्यानंच मला कळवलं. ते मला शोधायला निघाले होते. दुकानाकडं. ते पडले तो चर त्याच वळणावर आहे.

आणि दुसरं. पॅकीचा निरोप मला मेलबर्नला मिळाला नाही. दुबईला मिळाला. "वडील चरात सापडले, पायाचं हाड मोडलंय, ब्रोना त्यांच्याजवळ रुग्णालयात आहे, तू कुठं आहेस?" पुढच्या विमानाला चार तास होते. मी तिथल्या एका बाईला विचारलंसुद्धा, डब्लिनला परत जायचं असेल तर? ती म्हणाली, सकाळच्या विमानात जागा आहे. मी तिला थँक्यू म्हटलं आणि जाऊन सँडविच घेतलं. चार तास तिथं बसून राहिले. मग रांगेत उभी राहिले आणि चढले.

का, ते तू विचारशील. मला वाटलं एकदा आत पाऊल टाकलं की मागं दार बंद होणार. तुझं झालं तसं. तुझे हात बघितले होते मी, डॅडींना अंघोळ घालून आल्यावरचे. मला ते हात नको होते. याहून चांगलं कारण माझ्याकडं नाही.

हे आजच टपालात टाकते, नाहीतर उद्या मी ते फाडीन.

इमर


२४ जानेवारी

ब्रोना,

काल आपण बोललो, तरी लिहितेय. जे बोलणं झालं ते झालं, पण मी जे बोलले नाही ते राहिलंय.

घरच्या फोनवर मला पहिल्या दिवसापासून फोन करता आला असता. तो नंबर तू बंद केलेला नव्हतास. मला तो आठवतच नव्हता असं मी स्वतःला सांगत होते. काल यीच्युनची आई आली. लहानखुरी बाई, हातात फळांची पिशवी. तिनं मुलीला मारलं आधी. खरंच, खांद्यावर दोन चापट्या, आणि मग तिचं तोंड ओल्या कापडानं पुसत बसली. यीच्युन मला म्हणाली, "आता तू इथं नको थांबूस. आता माझ्याकडं माणूस आहे." मी बाहेर येऊन फोन लावला. इथं संध्याकाळचे आठ, ऊन होतं अजून. म्हणजे तुझ्याकडं सकाळचे नऊ.

किती वेळ वाजत राहिला. मग तुझा आवाज, जड.

"झोपले होते," तू म्हणालीस.

तू. नऊ वाजता.

"डॅडी?"

"इथं नाहीत. हाड मोडलं म्हणून कॅरिकच्या शुश्रूषागृहात सहा आठवड्यांची जागा मिळाली. रोज दुपारी जाते." मग म्हणालीस, "काल दहापर्यंत झोपले, इमर. उठून चहा केला आणि तो गरम असताना प्यायले. मला इतकं बरं वाटलं, आणि मग मी रडले. ते चरात पडले म्हणून मला झोप मिळाली. हे तुझ्यामुळं. तुझे आभार मानू का तुला शिव्या देऊ, मला कळत नाही."

मी म्हटलं, शिव्या दे.

"त्याही येत नाहीत. दमलेय मी." आणि मग, "मार्चच्या पहिल्या तारखेला त्यांना घरी आणायचंय. तेव्हा घरात कोणीतरी लागेल. कीरन थांबतो म्हणाला. मी त्याला म्हटलं, थांबू नकोस, सात वर्षं थांबलास, पुरे झालं."

"मी येते."

"मागंही म्हणाली होतीस."

"तिकीट काढलंय. नऊ फेब्रुवारी. दहाला दुपारच्या गाडीनं कॅरिकला उतरते."

"बघू," तू म्हणालीस. "डॅडींना काही सांगत नाही. तू दारात दिसलीस की सांगेन." आणि फोन ठेवलास.

त्या वेळी तिकीट काढलेलं नव्हतं. फोन ठेवल्यावर काढलं. हेही खोटंच होतं, पण तासाभरात खरं केलं. तोपर्यंत इथंच आहे. मजूर खात्याची एक बाई आली होती, तिला मी सगळं सांगितलं, ड्वेननं काय म्हटलं ते, आणि मी परत शिडीवर चढले तेही. पुढच्या आठवड्यात पुन्हा सांगायचंय, सही करायचीय. माझे सात दिवस गेले, त्याचं काही वाटत नाही. यीच्युनच्या आईला मात्र अजून माहीत नाही की ज्या मुलीचे ती हात धरून आभार मानत होती, ती पाऊण तास पीच तोडत होती. आज दुभाषी बाई येणार आहेत. मी त्यांना थांबायला सांगितलंय.

घरी आल्यावर मला डॅडींना अंघोळ घालता येईल का, रात्री कोणी मला नोरीन म्हटलं तर सहन होईल का, मला माहीत नाही. मी चांगली होऊन येतेय असं समजू नकोस. भीती तेवढीच आहे. पण तू मार्चमध्ये स्लायगोला जा. मी पळाले तर या वेळी तुला सांगून पळेन, म्हणजे तुला शिव्या तरी देता येतील.

एक राहिलं. सतरा तारखेचं पत्र तुला अजून पोचलेलं नाही, हे फोनवरच्या तुझ्या आवाजावरून कळलं. त्यात जे आहे ते मला काल सांगायचं होतं. जीभ उचलली नाही. ते पत्र माझ्या आधी पोचलं, तर वाच, आणि मग स्टेशनवर यावंसं वाटलं नाही तर येऊ नकोस, मी समजेन. आणि मी आधी पोचले, तर ते पाकीट आलं की न फोडता टेबलावर ठेव. मी समोर बसून तुला सगळं तोंडानं सांगेन. तू भांडी घासायला उठलीस तरी सांगत राहीन.

इमर